संविभाग : एका शब्दाचा अर्थ
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त डोंगरकडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात दानाची व्याख्या स्वतंत्रपणे केली. या व्रताच्या नावात मात्र ‘संविभाग’ हा शब्द योजला. संविभाग म्हणजे यथायोग्य वाटणी. मुनींसाठी मुद्दाम रांधलेला आहार त्यांना चालत नाही. घरच्यासाठी केलेल्या शुद्ध अन्नातूनच त्यांचा भाग काढावयाचा असतो. तिथी न कळवता येणाऱ्याचाही वाटा आपल्या घासाआधी धरावा, हे या शब्दाचे मर्म.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरता माणशी अर्धा एकर असा ठरला. भूमिहीनासही वाटा मिळाला. ऊस वर्ज्य झाला. व्रताचे नाव न घेता झालेला हा संविभागच होय.

आपल्या कळमनुरी तालुक्यातही केळीला, हळदीला भरपूर पाणी लागते. वैशाखात विहीर आटू लागते, तेव्हा शेजाऱ्याच्या गुरांचा वाटा आपण मोटार सुरू करण्यापूर्वी धरतो, की बाग भिजल्यावर? या महोत्सवी वर्षी प्रत्येक श्रावकाने याचे उत्तर आपल्या बांधावर उभे राहून द्यावे, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!