बॅटरी बदलण्याआधी

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेवर विषय ‘घरच्या घरी मोटारदुरुस्ती’ असा छापलाय. कूलंट, ब्रेक, एसी सगळं त्यात येतं, आणि सगळ्याकडे यायचा माझा विचार आहे. पण सुरुवात बॅटरीपासून. सकाळी गाडी सुरू झाली नाही की आपण पहिला बळी तिचाच देतो, आणि पुष्कळदा ती निर्दोष असते. मोजल्याशिवाय काहीही बदलू नका, एवढंच मला आज सांगायचंय.

सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट, हे शाळेत झालंय, पुढे जातो. साधा मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत; नाही दिसले तर डायनामो आणि त्याचा बेल्ट बघा.

आणि आकडे ठीक असूनही सेल्फ नुसता टकटक करत असेल तर? आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गाडी पुढून ठोकली होती. डेंटिंग-पेंटिंग होऊन आली, अगदी शोरूममधून काढल्यासारखी. थोड्याच दिवसांत टकटक सुरू. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. जरा बरी चालली, पुन्हा टकटक. मग सेल्फ उतरवला, त्याचंही काम झालं. गणपतीला कोकणात निघायच्या पहाटे डिकी भरलेली, मुलं मागे झोपलेली, काकू नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि गाडी ढिम्म. काका म्हणाले, “लाइट तर लख्ख लागतायत, मग वायरिंगचा प्रश्नच नाही!”

तिथेच सगळे फसतात. सेल्फ दीडशे अँपिअर सहज ओढतो. जोडात शंभरांश ओहम अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. हेडलाइटला दहाएक अँपिअर लागतात. त्याच जोडात व्होल्टचा दहावा भाग जातो, डोळ्याला कळतही नाही. ओहमने हा हिशेब १८२७ साली मांडून ठेवलाय. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. दिसले चार! अर्थची तार बॉडीला आवळतात तो बोल्ट काढला, तर खाली नव्या रंगाचा गुळगुळीत थर. रंगवणाऱ्याने त्या जागेवरही हात मारला होता. सँडपेपरने घासून पत्रा पांढरा केला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू.

(मागून आवाज : “काकूंनी नारळ तिथेच फोडला का?” हशा.)

नाही हो, नारळ कोकणात पोचला!

समोर बसलेले गॅरेजवाले मित्र मान हलवतायत. माझा रोख तुमच्यावर नाही, मनापासून सांगतो. गिऱ्हाईक ‘लवकर करा’ म्हणून डोक्यावर उभं असतं. मोजायला दहा मिनिटं लागतात. ती आपण देत नाही, त्याचे पैसेही देत नाही. बदललेल्या वस्तूचे मात्र निमूट देतो. म्हणून घरी मोजा, आकडे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच गॅरेजला जा. चांगला मेकॅनिक खूशच होईल.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं. बरं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. एसीचा वारा कमी झाला तर गॅस भरण्याआधी केबिन फिल्टर काढून बघा; पुष्कळ गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. फ्यूज जळला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. लाल १०, निळा १५, पिवळा २०. तार गुंडाळून चालवाल तर आग लागेल. ब्रेक आणि एअरबॅग घरी उघडायचे नाहीत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी तारांना हात लावायचा नाही.

हो, घंटा ऐकली. पण हे सांगितल्याशिवाय उतरणार नाही : बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी लावा. आधी पॉझिटिव्हला हात घातलात आणि पाना बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून वाहतात. हात भाजतो, कधी बॅटरीही फुटते.

दहाचा पाना आणि मीटर माझ्या गाडीत आहेत. ज्यांना शिकायचंय त्यांनी खाली बोनेट उघडून थांबा, मी येतोच.