पोरीच्या हातात कॅमेरा

आम्ही कळमन्याच्या बचत गटातल्या बाया बोलतो आहोत. आमच्यातल्या कोणी बाजाराच्या आवारात मिरचीचे डेठ खुडतात, कोणी संत्री निवडतात, कोणी घरीच शिलाई करतात. आज विषय आहे शाळेतल्या फोटोग्राफीच्या वर्गाचा. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, पण तो कसा काढावा हे सांगता येतं.

पोरगी घरी येऊन सांगते, "शाळेत फोटो काढायला शिकवतात." आपण म्हणतो, "त्यात शिकायचं काय? बोट लावलं की मोबाईल फोटो काढतोच." आणि मनात वेगळीच भीती असते. पोरीच्या हाती मोबाईल गेला, तर नसतं काही घडेल. या दोन्हींचं उत्तर त्या वर्गात काय शिकवतात, यातच आहे.

पहिला धडा उजेडाचा. कवेलूच्या घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडतात, ते आपण लहानपणापासून पाहतो. कवेलूमधली फट वाकडीतिकडी असते, तरी कवडसा गोल दिसतो. का? कारण तो फटीचा आकार नसतो, तो सूर्याचा फोटो असतो. सूर्यग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. शाळेत मुली खोक्याला सुईने भोक पाडतात आणि समोरच्या बाजूला तेल लावलेला कागद चिकटवतात. डोक्यावरून जाड कापड घेऊन पाहिलं की बाहेरचं झाड त्या कागदावर उलटं दिसतं. उजेड सरळ रेषेत चालतो, म्हणून वरचा भाग खाली आणि खालचा वर पडतो. कॅमेरा या शब्दाचा मूळ अर्थच खोली. मोबाईलमध्येही अशीच एक इवलीशी अंधारी खोली आहे.

हे शिकलेली मुलगी उजेड कुठून येतो हे आधी पाहते. सूर्य समोर असला तर माणूस काळं दिसतं, म्हणून ती त्याला वळवून उभं करते. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात, म्हणून सकाळची वेळ धरते. कॅमेऱ्याची काच आधी मऊ कापडाने पुसते. दूरची वस्तू बोटांनी मोठी करत नाही, चार पावलं पुढे जाते. तसं केलं नाही, तर चित्र फाटतं.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामणी पुढे मुंबईत नावाजलेले छायाचित्रकार झाले. पण तो वर्ग मुलांचा होता. बायकांनी हे काम शिकलं ते घरात. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब फुटून रोप वाढेपर्यंत त्याची चित्रं थोड्या थोड्या वेळाने टिपली. ती एकामागून एक चालवली, तर रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्या सगळ्या उद्योगात फिल्मला भोकं पाडण्याचं, ती धुण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. घरातल्या माणसांचं जेवणखाण सांभाळून त्या हे करत होत्या. आज आपल्या पोरी तेच काम शाळेत, वहीपेन्सिल घेऊन शिकतात. फरक लहान नाही.

आता आपल्या कामाचं बोलू. फोटो आता फक्त लग्नाच्या अल्बमात राहिला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून, मोबाईलवर पिकाचा फोटो काढून, पेरा सातबारावर नोंदवायचा. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरीसाठी फोटो सक्तीचा झाला. घरकुलाचा हप्ता मागतानाही बांधकामाचा फोटो लागतो. मैत्रिणींनो, आपला हक्क आता फोटोतून सरकारदारी जातो. मग तो फोटो काढायला दुसऱ्याच्या तोंडाकडे का पाहायचं?

आमच्या गटातल्या एका ताईची भिंत पावसात पडली. तिने घाईत एक फोटो काढला. त्यात नुसती माती दिसत होती. भिंत कोणाची, घर कोणतं, काही कळेना. तिच्या आठवीतल्या पोरीने शाळेत शिकल्याप्रमाणे तीन फोटो काढले. पहिला लांबून, घर आणि शेजारचा कडुनिंब दिसेल असा. दुसरा मधल्या अंतरावरून, पडलेली बाजू पूर्ण दिसेल असा. तिसरा जवळून, भेगेशेजारी हात धरून, म्हणजे भेग किती रुंद ते कळावं. वर्गात याला फोटोने गोष्ट सांगणं म्हणतात. गारपिटीने बाग झडली, शेळी दगावली, बोअरचं पाणी गढूळ आलं, सगळीकडे हेच तीन फोटो चालतात. मात्र फोटो पंचनाम्याची जागा घेत नाही. तलाठ्याकडे अर्ज करायचाच, आणि फोटो त्याला जोडायचे.

आणखी एक गोष्ट त्या पोरीने आम्हाला शिकवली. मोबाईलमधला मूळ फोटो पुसायचा नाही. त्यात वेळ नोंदलेली असते, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही. व्हॉट्सअपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर टिकते. फोटो उजळ करण्यासाठी रंग बदलायचे नाहीत. पुराव्याच्या फोटोला नटवलं की त्यावरचा विश्वास उडतो.

आता भीतीचं बोलू. ती खोटी नाही. मुलींचे फोटो चोरून काढणारे, ते फिरवणारे लोक आहेत. पण चांगल्या वर्गात आधी हेच शिकवतात की विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. बाजारातल्या हमालाचा असो की अंगणात बसलेल्या आजीचा. "काढू का?" असं विचारायचं. समोरच्याने मान हलवली तर कॅमेरा खाली. काढल्यावर दाखवायचा, आणि नको म्हटलं तर पुसायचा. जी पोरगी दुसऱ्याला असं विचारायला शिकते, ती स्वतःचा फोटो कोणी न विचारता काढला तर गप्प बसत नाही. तिला ठाऊक असतं की नाही म्हणायचा तिला हक्क आहे. कायदाही तिच्या बाजूने आहे. कोणाच्या खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. असं काही घडलं तर पोरीला रागावू नका, मोबाईल हिसकू नका. ती सांगायला आली, हेच मोठं. जवळच्या पोलीस ठाण्यात जा. बाईसाठी १८१ आणि लहान मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत, ते भिंतीवर लिहून ठेवा.

मोबाईल काढून घेतला तर पोरगी अडाणी राहते, धोका तसाच राहतो. म्हणून घरात ठरवा, मोबाईल कधी आणि किती वेळ, आणि ते पोराला आणि पोरीला सारखंच लागू करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. वर्गात शिकणारी एखादी मुलगी बोलवा आणि तिला शिक्षिका करा. प्रत्येकीने आपल्याच मोबाईलवर तीन फोटो काढायचे, लांबून, मधून, जवळून. मग एकमेकींचे पाहायचे आणि विचारायचं, यात काय दिसतं, काय दिसत नाही? ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांनाही हे जमतं, आमच्या गटात जमलं आहे. सहीच्या जागी अंगठा लावणाऱ्या आमच्या एका आजी आता शेतातला मोडलेला बांध स्वतः टिपतात.

इथेच थांबतो, बायांनो. पोरीला आज विचारा, शाळेत काय शिकलीस, आणि दहा मिनिटं बसून ऐका. नमस्कार.