बालवाडींतील वाडी

‘बालवाडी’ हा शब्द आज घरोघरीं रुळला आहे. परंतु त्यांतील ‘वाडी’ कोठें गेली, हें मुलाला शाळेंत घालतांना फारसें कोणी विचारीत नाहीं. गणवेष, वर्ग, पुस्तकें यांची चौकशी होते. मातीची होत नाहीं.

जर्मनींतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनीं तरुणपणीं एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केली, आणि झाडांशीं जडलेलें तें नातें जन्मभर टिकलें. १८४० मध्यें ब्लांकेनबुर्ग येथील आपल्या बालसंस्थेस त्यांनीं ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. तो नुसता अलंकार नव्हता. त्यांच्या योजनेंत प्रत्येक मुलाला स्वतःचा चिमुकला वाफा असे. भोंवतीं सर्वांचे सामाईक वाफे असत. स्वतःच्या वाफ्यांत काय पेरावें हें मुलानें ठरवावें, सामाईक वाफ्यांची निगा मात्र सर्वांनीं मिळून राखावी. १८५१ मध्यें प्रशियाच्या सरकारनें या बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० मध्यें उठली. फ्रोबेल त्यापूर्वींच, १८५२ मध्यें, वारले होते.

त्या योजनेंतलें मर्म ‘स्वतःचा’ या शब्दांत आहे. कित्येक शाळांतून बाग असते, पण ती माळ्याची असते: गेरूनें रंगविलेल्या कुंड्या आणि ‘फुलांस हात लावूं नये’ अशी पाटी. तेथें मूल पाहुणें.

त्यापेक्षां मूठभर मूग व मूठभर हरभरे शेजारीं शेजारीं मुलाच्या हातानें पेरवावे. मूग आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतो; हरभरा त्या मातींतच ठेवून नुसता कोंब वर पाठवितो. असें कां, हें मूल आपण होऊन विचारतें. प्रसंगीं रोप उपटूनहि पाहतें. उपटूं द्यावें! रोज पट्टीनें उंची मोजून वहींत टिपली कीं गणितहि आपोआप येतें.

आपल्याकडे शाळा आणि पाऊस बहुधा एकाच सुमारास सुरू होतात, ही मोठी सोय. भर पावसांत हरभरा बहुधा कुजेल. अशा वेळीं मुलाचा हिरमोड होऊं नये म्हणून रात्रींतून दुसरें रोप गुपचूप लावण्याचा मोह पालकांस व शिक्षकांस होतो. तो आवरावा. हरभरा थंडींतला, मूग पावसाळ्यांतला, हें त्या कुजलेल्या रोपानें जसें सांगितलें तसें पुस्तकाला सांगतां येत नाहीं.

अंगण नसलें तर गॅलरींतील भोकें पाडलेला डबाहि चालेल. जूनअखेर पेरलेल्या मुगाच्या शेंगा भाद्रपदाच्या सुमारास वाळूं लागतात. दाणे मूठभरच निघतील. त्यांतले थोडे पुढील वर्षाच्या बियाण्यास ठेवावे, आणि उरलेल्यांची वाटणी कशी करावयाची तें मुलांनाच ठरवूं द्यावें.