गाणी लिहून घर चालेल का?



आजचा विषय नेहमीच्या शेळी-कोंबडी, पापड-शेवयांपेक्षा वेगळा आहे. गेल्या काही महिन्यांत तीन गावांच्या बैठकांत आम्हा सहयोगिनींना एकच प्रश्न आला : "ताई, मी गाणी करते, लोकांना आवडतात. यावर पोट भरेल का हो?" विचारणाऱ्यांत एक बारावी झालेली सून आहे. एक अंगणवाडी मदतनीस आहे. आणि एक आजी आहेत, ज्यांना सहीपुरतंच लिहिता येतं, पण त्यांच्या तोंडून ओवी सुटली की बायांचे हात कामावरच थांबतात. प्रश्न ऐकून बैठकीत थोडं हसू झालं. पण पापडाचा प्रश्न आला तर आपण हसत नाही, हिशेब मांडतो. मग गाण्याचाही मांडू.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नुसती गाणी लिहून वर्षभर घर चालेल, असं आम्हाला दिसत नाही. जोडधंदा मात्र होऊ शकतो, तोही दर ठरवला, पैसे वेळेवर घेतले आणि कागदावर न वाचता अंगठा दिला नाही तरच.

ज्यांची गाणी घराघरात वाजली, त्यांच्याकडेच बघा. जगदीश खेबुडकरांनी चित्रपटांसाठी किती गाणी लिहिली, पण ते शाळेत मास्तर होते. शांता शेळके कॉलेजात मराठी शिकवायच्या, त्याआधी अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये नोकरी करत होत्या. ग. दि. माडगूळकर गाण्यांबरोबर चित्रपटांच्या पटकथा आणि संवादही लिहायचे. आणि आपल्या बहिणाबाई चौधरी? त्या शेतात राबल्या, १९५१ साली गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली. आयुष्यभर त्यांचं पोट भरलं ते शेतीनं.

आता आपल्या गावातला पैसा कुठून येतो ते पाहू. सगळ्यात जास्त मागणी आहे मंगलाष्टकांची. छापील मंगलाष्टकं सगळीकडे मिळतात, आता मोबाईलवरही मिनिटात बनवून मिळतात. पण नवरीच्या आजीचं नाव, मामाचं गाव, दोन्हीकडची कुळदैवतं नीट बसवून, चालीत म्हणता येतील अशी लिहायची तर माणूसच लागतं. जुन्या चालीत एका ओळीत १९ अक्षरं असतात. एक जरी कमी-जास्त झालं, तरी म्हणणारा अडखळतो आणि मांडव हसतो. त्याखालोखाल डोहाळजेवण, बारसं, हळद. मग कधी निवडणुकीचं प्रचारगीत, कधी स्वच्छतेचं किंवा पाणी वाचवायचं गाणं.

आमच्या एका गटातल्या ताईंनी त्यांची वही आम्हाला दाखवली. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता आकडे सांगतो. वर्षात १४ मंगलाष्टकं, प्रत्येकी ५०० रुपये, झाले ७,०००. डोहाळजेवणाची आणि बारशाची ९ गाणी, २०० रुपयांप्रमाणे १,८००. एका पॅनेलचं प्रचारगीत ३,०००. एका संस्थेसाठी स्वच्छतेचं गाणं १,५००. एकूण १३,३०० रुपये. यातून रिचार्ज, छपाई, तालुक्याला जाणं-येणं मिळून २,१०० गेले. उरले ११,२००, म्हणजे महिन्याला साधारण ९३०. आमच्याकडे बाईला खुरपणीचा रोज ३०० मिळतो. म्हणजे महिन्याचे तीन रोज सुटले.

कमी वाटतं? थांबा. एका मंगलाष्टकाला त्यांना तीनेक तास लागतात, ते पण घरात, सावलीत. तासाच्या हिशेबाने खुरपणीपेक्षा हे काम बरंच बरं आहे. अडचण एवढीच, की ते रोज मिळत नाही. तुळशीचं लग्न झालं की वही भरायला लागते आणि आषाढ लागला की कोरी पडते. गणपतीत मंडळाची पोरं गाणं मागायला येतात, पण ती बहुतेक फुकटच मागतात. शिवाय प्रचारगीत काही दरवर्षी येत नाही. त्याचे ३,००० बाजूला काढले, तर महिन्याचे ९३० सुद्धा ६८० वर येतात.

याच ताईंनी गटाकडे ३०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. तालुक्याच्या स्टुडिओत दोन गाणी व्हिडिओसकट करायची आणि यूट्यूबवर टाकायची, असं त्यांच्या मनात होतं. बैठक दोन तास चालली. एक मावशी म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी डोळ्यांना दिसते तरी. गाणं कुठं बांधून ठेवायचं?" सगळ्या हसल्या, ताई सोडून.

मग आम्ही फळ्यावर मांडलं. शेकडा २ रुपये महिना व्याज, १२ हप्ते. पहिल्या महिन्याला मुद्दल २,५०० आणि व्याज ६००, म्हणजे ३,१०० भरायचे. गाण्याची कमाई ९३०. आणि यूट्यूबचं काय? तिथे जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच आधी १,००० सदस्य लागतात आणि लांब व्हिडिओ वर्षभरात ४,००० तास पाहिले जावे लागतात. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. चार मिनिटांचं गाणं असेल, तर लोकांनी ते ६०,००० वेळा पूर्ण बघायला हवं. हे झालं नुसतं दार उघडायला. आत गेल्यावर किती मिळणार, ते पुन्हा जाहिरातींवर.

गटाने ३०,००० नाही म्हटलं. मोबाईलला लावायचा माइक, स्टँड आणि दराचं पत्रक छापायला ५,००० दिले. ताई नाराज झाल्या, अजूनही थोड्या आहेत. निर्णय आम्हाला बरोबर वाटतो, पण एक गोष्ट टोचते. नवऱ्याच्या मोटारसायकलसाठी बायकोच्या नावावर कर्ज उचललं जातं, तेव्हा तिथं कुणी फळ्यावर दोन तास हिशेब मांडत नाही.

आता कागदाचं. हे नीट ऐका, कारण फसगत इथेच होते. याच ताईंना एका कॅसेट-व्हिडिओवाल्याने सांगितलं, "गाण्याचे २,००० देतो, इथे सही करा." कागदावर होतं की सगळे हक्क कायमचे त्याचे. त्यांनी कागद घरी आणला, सही केली नाही, म्हणून तो आम्हाला वाचायला मिळाला.

गाणं तुम्ही रचलं आणि लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलं, की त्याचा हक्क तुमचाच असतो. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. हा हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तुमच्या वारसांकडे राहतो. नोंदणी केली नाही म्हणून तो जात नाही, नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षं धरली जाते. आणि २०१२ साली कायद्यात एक मोठी सुधारणा झाली : रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या मानधनात, ज्याला रॉयल्टी म्हणतात, गीतकाराचा वाटा राहतो. तो वाटा फक्त आपल्या वारसांना किंवा ती वसूल करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. कंपनीने "मला रॉयल्टी नको" असं लिहून घेतलं, तरी ते चालत नाही.

ती रॉयल्टी गोळा करायला मुंबईत आयपीआरएस नावाची संस्था आहे, गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होतात. रेडिओ, टीव्ही, अॅप यांच्याकडून ती पैसे वसूल करून सभासदांना वाटते. पण खोटी आशा दाखवत नाही. गाणं खूप वाजलं तरच तिथून हाती काही पडतं. आणि एक गंमत ऐका. लग्नात, वरातीत गाणं वाजवायला कायद्याने सूट आहे. म्हणजे तुमचं हळदीचं गाणं सगळ्या तालुक्याच्या वरातीत वाजलं, तरी त्या वाजवण्याचा एक रुपया तुम्हाला येणार नाही. म्हणून लग्नाच्या कामाचे पैसे लिहून देतानाच घ्या, निम्मे आगाऊ. याच वहीत चार मंगलाष्टकांचे पैसे अजून येणं आहेत. अक्षता पडल्यावर कवीला कोण शोधत येतं?

"शेजारणीकडून पैसे कसे मागू?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. तर मागू नका. आपल्या आळीतल्या लेकीच्या हळदीला जे गायलं, ते आपलं देणं-घेणं आहे, तिथे पावतीपुस्तक काढायचं नाही. जात्यावरच्या ओव्या कुणी विकल्या नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या सगळ्यांच्या, म्हणून त्यांवर कुणा एकीने हक्क सांगायचा नाही. पण त्या कामात एक गोष्ट फार चांगली झाली : ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव लिहून ठेवलं गेलं. आपण मात्र पत्रिकेत, फलकावर मंडपवाल्याचं नाव छापतो, मंगलाष्टकं कुणी लिहिली ते छापत नाही. परगावची, ओळखपाळख नसलेली मंडळी आली की दर सांगा. पैसे कमी देत असतील, तर निदान नाव तरी छापून घ्या.

नावाचा पुढे उपयोग होतो. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. २०२४ पासून ते महिन्याला ५,००० रुपये झालं. वय पन्नाशीच्या पुढे लागतं, उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि कलेत काम केल्याचे पुरावे मागतात. साठीच्या त्या आजींकडे चाळीस वर्षांच्या ओव्या आहेत, पुरावा एकही नाही. आता त्यांची नात कार्यक्रमांच्या पत्रिका, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं एका पिशवीत जमवते आहे. तुमच्याकडे अशा कुणी असतील तर पंचायत समितीत चौकशी करा, कागद आम्ही भरून देऊ.

आणि ज्यांची गाणी वहीत आहेत, त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीला वही आणा. प्रत्येक गाण्याखाली तारीख, कुणासाठी लिहिलं आणि किती मिळाले, एवढं लिहून आणा. शून्य मिळाले असतील तर शून्य लिहा.