शेजाराने घडविलेला डोळा

(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटे आपण हाताने हाकलतो. त्यांतीलच लाल डोळ्यांची फळमाशी, ड्रोसोफिला, हा माझा आजचा विषय आहे. तिचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. सुमारे 750 षट्कोनी नेत्रिका मधाच्या पोळ्याप्रमाणे रांगेने मांडलेल्या दिसतात. प्रत्येकीत आठ प्रकाशग्राही पेशी, त्यांवर भिंग घडविणाऱ्या चार शंकुपेशी आणि सभोवती रंगद्रव्याच्या पेशी. ही मांडणी कोण करते?

अळीच्या शरीरात भावी डोळा ही पेशींची एक पातळ चकती असते. प्रारंभी तेथील पेशी दिसावयास सारख्याच असतात. पुढे चकतीच्या मागील कडेला एक चर उमटतो व रांगेमागून रांग घडवीत सुमारे दोन दिवसांत पुढे सरकतो. चरापाशी प्रथम अनेक पेशींत ‘अटोनल’ हे जनुक जागे होते. मात्र ‘नॉच’ या प्रथिनाच्या द्वारे पेशी एकमेकींना आवरतात आणि ठराविक अंतरावर एकेकीतच ते जागे राहते. हीच प्रकाशग्राही पेशींतील आठवी. क्रमांकाने शेवटची, परंतु घडणीत पहिली! तिच्यापासून निघालेल्या संदेशांमुळे शेजारच्या पेशी जोडीजोडीने सामील होतात. सातवी सर्वांत शेवटी येते.

एका नेत्रिकेतील पेशी एकाच मातेच्या कन्या असाव्यात, असे कोणासही वाटेल. 1976 मध्ये रेडी, हॅन्सन आणि बेंझर यांनी दाखविले की तसे असावे लागत नाही. येथे पेशीचे कार्य वंशावळीने नव्हे, शेजाराने ठरते.

आठवी पेशी सातवीला एक निरोप देते. ‘सेव्हनलेस’ हे जनुक बिघडले, तर निरोप असूनही तो ऐकला जात नाही. ती पेशी मग प्रकाशग्राही होत नाही. पण वायाही जात नाही. ती शंकुपेशी होते आणि भिंग घडविण्याच्या कामी लागते.

माशीवरून माणसाचा सिद्धान्त काढणे शास्त्रास मान्य नाही, हे मी जाणतो. तरीही एक आठवण सांगतो. माझे वडील गिरणीत कामगार होते. आईवडिलांचे शिक्षण विचारून एका शाळेने मला परत पाठविले होते. येथे बाईंनी काही न विचारता मला दोन हुशार मुलांच्या मध्ये बसविले. त्यांची कुजबुज ऐकत मी अपूर्णांक शिकलो. पुढे सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचलो.

म्हणून या हीरकमहोत्सवी वर्षी एकच विनंती करतो. प्रवेशअर्जावरील पालकांच्या शिक्षणाचा रकाना वाचण्यापूर्वी, या मुलाला कोणाच्या शेजारी बसवावयाचे, याचा विचार आपण करावा.