राग गिळायचा नाही, ओळखायचा

(मिठबाव, ता. देवगड येथे बचत गटांतील स्त्रिया आणि किशोरी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘भावना आवरायला शिका’ असं म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणींच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडायलाच हवी. बाईला आजवर दुसरं शिकवलंय काय? आवाज चढवू नको, रडू नको, सासूसमोर तोंड उघडू नको. म्हणून आधीच स्पष्ट सांगते. नवरा मारतो म्हणून येणारा राग हा आजार नव्हे. त्यावर दीर्घ श्वास हा उपाय नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि आपली संघटना आहे. आज विषय वेगळा आहे. भावनेचं उधाण इतकं येतं की त्यात आपलं किंवा आपल्या माणसाचं नुकसान होतं, तेव्हा काय करायचं?

याची शिस्तशीर पद्धत मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बांधली. वारंवार जीव द्यायला निघणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करता करता ती घडली, आणि १९९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. सतराव्या वर्षी आपण स्वतःच मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पद्धतीचं नाव ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’. अभ्यासवर्गात द्वंद्ववाद घोकलेल्या जुन्या कार्यकर्त्या हसताहेत, पण अर्थ फार लांबचा नाही: ‘तू आहेस तशी मला मान्य आहेस’ आणि ‘तुला बदलावं लागेल’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात.

पहिलं कौशल्य म्हणजे नाव देणं. मुलीला विचारलं तर ती सांगते, ‘माका बरा वाटना नाय’. बस, तेवढंच. पण ते बरं न वाटणं म्हणजे भीती, लाज, मत्सर, की दहावीच्या निकालाची धाकधूक? नाव सापडलं की पुढची वाट दिसते. भीती असेल तर सोबत लागते, लाज असेल तर ऐकून घेणारं माणूस लागतं. किशोरवयात भावनांचा जोर आधी येतो आणि मेंदूतला लगाम सावकाश पक्का होतो. ‘वय वाढलं, अक्कल नाही’ असं म्हणून काही साधत नाही. मुलग्यांनाही हे शिकवायचं. त्यांना तर रागाशिवाय दुसऱ्या भावनेची परवानगीच नसते, म्हणून त्यांचं दुःखसुद्धा रागाचे कपडे घालून येतं.

दुसरं, उधाणाच्या वेळचं. तेव्हा उपदेश डोक्यात शिरत नाही, शरीराकडूनच सुरुवात करावी लागते. तोंडावर गार पाण्याचा हबका, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. गार पाण्यात चेहरा बुडवून क्षणभर श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात (हृदयविकार असेल त्यांनी मात्र हे करू नये). मन ताळ्यावर येईपर्यंत मोठा निर्णय नाही, फोनवर मेसेज नाही, दार आपटून घराबाहेर जाणं नाही.

आता घरातल्या आजाराबद्दल. समजा मुलाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो म्हणतो, शेजारी माझ्याबद्दल कट करताहेत. आई म्हणते, ‘काय खुळ्यासारख्या बोलतंस?’ भांडण पेटलंच. ‘होय, करताहेत खरे’ असंही म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘तुका भय वाटता, ता माका कळता.’ भ्रमाला दुजोरा नाही, भीतीची मात्र दखल घेतली. फरक बारीक आहे, पण घराचं वातावरण त्यावर ठरतं. जिथे सतत टीका, वैर किंवा अति काळजीचा फास असतो त्या घरांत आजार अधिक वेळा उलटतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे चंडीगढमधल्या कुटुंबांचाही असा अभ्यास झाला, तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे लंडनपेक्षा टीका कमी आढळली. म्हणजे आपल्या घरांत काही शहाणपण आहेच. पण म्हणून आईच्या बोलण्याने आजार होतो असा अर्थ कुणी काढू नये. आईला दोष देण्याची संधी लोक शोधतच असतात. आणि ही कौशल्यं औषधाची जागा घेत नाहीत. देवळात गाऱ्हाणं घाला, कौल लावा, पण गोळ्या थांबवू नका.

सांभाळायचं कुणी, हा खरा प्रश्न. भाऊ मुंबईला चाकरीत, मग आई, बहीण, नाहीतर वहिनी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) चित्रपटातही भावाला सांभाळणारी बहीणच आहे. तिच्या थकव्याला जागा हवी. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने नातेवाइकांचे स्वमदत गट चालवले ते याचसाठी. आपला बचत गट दर महिन्याला बसतोच. हिशेब झाल्यावर अर्धा तास यासाठी काढता येईल.

‘आम्ही काय डॉक्टर?’ असं म्हणू नका. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ने साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकरवी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सरकारी आरोग्य केंद्रांत बरं होणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. सरकारी केंद्राला नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एक कळकळीची गोष्ट. आंब्याच्या फवारणीचं औषध माजघरात, पडवीत उघडं असतं. उधाण ओसरतं, पण त्या वेळी हाताशी विष असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही. ते कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्या घरी द्या. कुणी जीव देण्याचं बोललं तर थेट विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि पोलीस केस होईल या धाकाने दवाखाना टाळू नका. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत राहिलेलं नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक पुरुष आणायचा आहे. बागेत काम आहे, वेळ नाही, असं ते सांगतील. बैठक रात्री जेवणानंतर ठेवू.