मांडव उतरल्यावर

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडील जुनीं माणसें म्हणत आलीं. ज्या गृहस्थानें उभ्या आयुष्यांत एक-दोन लग्नें काढलीं असतील, त्याच्या मुखीं ही म्हण शोभते. परंतु ज्याला एका वैशाखांत अशीं वीस लग्नें उभीं करावयाचीं असतात, त्याचें काय होत असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. निमंत्रणपत्रिकेवर आप्तेष्टांचीं नांवें असतात, अगदीं चिमुकल्या भाचरांचीं सुद्धां असतात. मांडव घालणाऱ्याचें, आचाऱ्याचें, रोषणाई करणाऱ्याचें नांव तींत नसतें. पाहुणा अक्षता टाकतो, जेवतो, विडा तोंडांत धरून घरीं जातो. आणि त्याच्या पाठीमागें या मंडळींच्या कामाचा उत्तरार्ध सुरू होतो.

या मंडळींचा व्यवसाय आणि संसार यांचा मेळ कसा बसतो, आणि संकट कोसळलें असतां ती तगते कशी, हें पाहावयाचें तर मुंबईच्या उत्तरेस वसईची खाडी आणि वैतरणा यांच्या मध्यें पसरलेल्या वसई-विरारच्या पट्ट्याइतकें चांगलें ठिकाण क्वचितच सांपडेल. एकेकाळीं या भागांत मांडव हा विकत घेण्याचा पदार्थ नव्हता. वाडींतल्या माडाच्या झावळ्या, केळीचे खांब आणि शेजाऱ्यांचे हात, एवढ्यावर तो उभा राही. आज यानें त्याच्याकडे राबावें, उद्यां त्यानें याच्याकडे, अशी ती परतफेड असे; त्यामुळें कोणा एकाच्याच वाट्याला वर्षाकांठीं फारसे श्रम येत नसत. पुढें उपनगरी रेल्वेनें वस्ती वाढविली. २००९ सालीं येथें महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. सदनिकेंत राहणाऱ्याला ना वाडी, ना अंगण. शेजार आहे, पण तो दिवसभर लोकलमध्यें आणि कचेरींत. जें काम सारा गांव मिळून करीत असे, तें करणारा एक निराळा धंदेवाईक वर्ग निर्माण झाला तो असा. गांवाचा उरक त्याच्या अंगीं आला. गांवाची विसांव्याची सोय मात्र आली नाहीं.

या धंद्याचा एक विशेष आहे. काम केव्हां करावयाचें हें काम करणारा ठरवीत नाहीं, पंचांग ठरवितें. आषाढी एकादशीस देव निजतात, कार्तिकीस उठतात. मधल्या चार महिन्यांत लग्न नाहीं. पौषांत नाहीं, अधिक मासांत नाहीं. गुरु किंवा शुक्र अस्तंगत असला तरी नाहीं; २०२४ च्या मे महिन्यांत हे दोघेही अस्तंगत होते, आणि ऐन सुट्टींत मुहूर्तांचा दुष्काळ पडला. शास्त्रार्थ कांहींही असो, व्यवहारांत या निषेधांचा अर्थ एवढाच होत असे कीं, आचाऱ्याची पाठ आणि मांडववाल्याचे खांदे यांना वर्षांतून बरेच महिने मोकळीक मिळे. ज्यानें ती मिळवून दिली त्या पंचांगकर्त्याला या गोष्टीची कल्पनाही नसेल.

आतां वसईचें वैशिष्ट्य पाहा. येथें एक नव्हे, दोन पंचांगें चालतात. या भूमींत कित्येक शतकांपासून ख्रिस्ती समाज नांदतो, आणि त्याच्याही लग्नाला मांडव लागतो, बँड लागतो, पंगत लागते. त्याचेही निषिद्ध काळ आहेत. नाताळापूर्वींचा चार आठवड्यांचा आगमनकाळ, आणि ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, या दोहोंत विवाह टाळण्याची रीत आहे. ही दोन वेळापत्रकें एकमेकांवर ठेवून पाहिलीं म्हणजे मोठी गंमत दिसते. ख्रिस्ती मंडळी आगमनकाळांत थांबतात, तेव्हां हिंदूंच्या मार्गशीर्षांतल्या तिथी भरांत असतात. हिंदूंचा पौष लागतो, तों नाताळ होऊन ख्रिस्ती लग्नांना ऊत आलेला असतो. उपवासकाळ सुरू होतो, तेव्हां माघ-फाल्गुनाचे मुहूर्त निघतात. ईस्टर झाल्यावर तर दोन्ही समाज एकदमच बोहल्यावर चढतात. राहिला चातुर्मास, त्यांत गणपति आहेत, विरारच्या जीवदानीच्या डोंगरापासून गल्लीगल्लींपर्यंत गाजणारें नवरात्र आहे. एका पंचांगानें दिलेली सुट्टी दुसरें पंचांग काढून घेतें, आणि उरलेली फट सण भरून काढतात.

हिशेबाच्या वहीकडे पाहिलें तर हें भाग्यच म्हणावें लागेल. गोदाम कधीं रिकामें राहात नाहीं, माणसें बसून राहात नाहींत. त्यांतच अलीकडे पंचांगांत अडचणीच्या प्रसंगासाठीं काढीव मुहूर्तही छापलेले असतात. आणि अडचण कोणाला नसते? शिवाय वाढदिवस आले, कंपन्यांचीं वार्षिक संमेलनें आलीं, अर्नाळा-कळंबच्या किनाऱ्यावरील सहली आल्या. छायाचित्रकाराचें काम पूर्वीं एका दिवसाचें असे. आतां चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं घेतलेल्या किल्ल्याच्या पडक्या कमानींखालीं नियोजित वधूवरांना उभें करून त्याला लग्नापूर्वींच दोन दिवस घालवावे लागतात. किल्ला सर करण्यास मराठ्यांना लागलेला घाम निराळा, आणि हा निराळा.

पण अशा अखंड हंगामांत माणसाचा दिवस कसा जातो? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं १० वाजतां ध्वनिक्षेपक थांबतो. जेवणें थांबत नाहींत. तीं आटोपल्यावर खुर्च्या मोजावयाच्या, कनाती सोडावयाच्या, बांबू उतरवावयाचे आणि टेम्पो भरावयाचा. दुसरा मुहूर्त सकाळचा असला तर तोच टेम्पो घरी न जातां परस्पर नव्या जागीं जातो. इकडे वसईच्या वाड्यांतला मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या गाडीनें दादरच्या फूलबाजारांत निघालेला असतो, आणि वसईच्याच मांडवाला लागणारीं फुलें आणावयास सजावटवाला त्याच दादरला धांवत असतो! दिवसा यजमानाचे दूरध्वनि. प्रत्येक यजमानाचें लग्न हें जगांतलें एकमेव लग्न असतें, आणि तें तसें असावें हें बरोबरही आहे. म्हणून विसाव्या यजमानाशींही पहिल्याच्याच उत्साहानें बोलावें लागतें. शरीर थकतें तें थकतेंच. पण रोज नव्यानें आनंदी दिसण्याचा हा जो थकवा, तो कोणत्याही हजेरीपुस्तकांत मांडला जात नाहीं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनीं २०२१ सालीं एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानानें ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं आणि हृदयविकारानें मृत्यु येण्याचा सुमारें १७ टक्क्यांनीं अधिक असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. वैशाखांतल्या मांडववाल्याचे ५५ तास बहुधा बुधवारींच भरत असतील.

याहूनही एक खोल गोष्ट आहे. मुहूर्त सर्वांना एकच असतो. ज्या दिवशीं परक्याच्या घरीं लग्न, त्याच दिवशीं मावसभावाच्या घरींही लग्न. त्यामुळें शेंकडों वधूवरांना ज्यानें सुखरूप बोहल्यावर चढविलें, त्याला स्वतःच्या आप्तांचीं लग्नें पाहावयास मिळत नाहींत. नातेवाईक मांडव मात्र त्याच्याकडूनच घेतात, आणि तोही भाड्यांत सवलत मागून. म्हणजे त्याच्या कनाती लग्नाला हजर असतात, तो नसतो. घरच्या मंगलकार्यांत त्याची बायको मुलांना घेऊन एकटी मिरवते, आणि “हे कुठें आहेत?” या प्रश्नाला वर्षानुवर्षें तेंच उत्तर देते. पुष्कळ घरांतून भाड्याच्या नोंदी, उचलीचे हिशेब, आगाऊ रकमांच्या पावत्या तीच ठेवते. पाटीवर नांव मात्र एकट्या पतीचें असतें. समारंभाच्या धंद्यांतील कर्तबगारीचीं वर्णनें करणाऱ्यांनीं या अर्ध्या भागीदाराची दखल घेतलेली फारशी दिसत नाहीं.

मग तो दिवस आला. २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. साडेतीन मुहूर्तांपैकीं एकावर सारीं दारें बंद झालीं. १२ एप्रिलचा ईस्टर घरांत गेला, २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया घरांत गेली. मे महिन्यांत परवानगी मिळाली ती ५० माणसांची. तेवढ्यांना मांडव कशाला लागतो? जुलैच्या पहिल्याच दिवशीं आषाढी एकादशी आली, आणि त्या वर्षीं आश्विन अधिक असल्यामुळें चातुर्मास पांच महिन्यांचा झाला. सार्वजनिक गणेशमूर्तींस चार फुटांची मर्यादा घालण्यांत आली. ज्या विसांव्यासाठीं हे लोक आसुसले होते तो असा एकदम आणि अमर्याद मिळाला, आणि त्यांत कोणाला झोंप लागली नाहीं. रिझर्व बँकेनें मार्चपासून ऑगस्टअखेर कर्जाचे हप्ते पुढें ढकलण्याची मुभा दिली होती. पण व्याज चालूच होतें, आणि गोदामाचें भाडेंही. कारागीर आपापल्या प्रांतीं निघाले. वसई रोडहून २१ मे रोजीं गोरखपुरास जावयास निघालेली श्रमिक गाडी फिरत फिरत ओडिशांतील राउरकेल्यास जाऊन पोहोंचली. त्या उन्हाळ्याचें सारें चित्र त्या एका प्रवासांत आहे. वर्ष उलटून कांहींसा जम बसतो न बसतो तोंच, २०२१ च्या एप्रिलांत पुनः निर्बंध आले: २५ माणसें, दोन तास, आणि नियम मोडल्यास ५० हजारांचा दंड. पाठोपाठ १७ मे रोजीं तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें.

या दोन वर्षांतून तरून जाणें कशाच्या बळावर घडलें? धैर्य, चिकाटी हे गुण थोर खरे. पण भाडें भरण्याच्या कामीं ते लवकर अपुरे पडतात. आधार दिला तो अधिक साध्या गोष्टींनीं. ज्याची वडिलार्जित वाडी अजून विकली गेली नव्हती, त्याला केळीनें आणि भाजीनें जगविलें. ज्या आचाऱ्यानें मोठीं पातेलीं बाजूला ठेवून घरोघर डबे पोंचविण्यांत कमीपणा मानला नाहीं, त्याची चूल पेटती राहिली. ज्यानें यजमानांची आगाऊ रक्कम नव्या दिव्यांच्या खरेदींत घातली नव्हती, त्याला ती परत करतां आली, आणि पुढें तोच यजमान त्याच्याच दारीं आला. ज्यानें त्या बंद दिवसांत परगांवच्या कारागिरांची चौकशी सोडली नाहीं, त्याचीं माणसें सर्वांआधीं परतलीं. जो केवळ हंगामाच्या वेगावर उभा होता, तो वेग थांबतांच पडला.

तेव्हां विसांवा म्हणजे काम संपल्यावर उरेल तो वेळ, ही कल्पनाच या धंद्यांत निरुपयोगी आहे. काम संपतच नाहीं. वसईंत तर नाहींच. पंचांग आतां सुट्टी देत नाहीं, तर ती स्वतः काढावी लागेल, काढीव मुहूर्तासारखीच. कांहीं जाणते व्यावसायिक नव्या वर्षाची वही उघडतांना प्रथम घरच्या तारखा लिहितात: भाचीचें लग्न, मुलाची परीक्षा, आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया. मग उरलेले दिवस यजमानांना. एका मुहूर्तावर दुसरें काम आलें तर तें शेजारच्या मांडववाल्याकडे धाडावयाचें, आणि त्यानें पुढच्या खेपेस तसेंच करावयाचें. यांत नवें असें कांहीं नाहीं. झावळ्यांच्या मांडवाच्या काळची परतफेडच ती, फक्त आतां स्पर्धकांमध्यें. यजमानाला नकार ऐकण्याची संवय नसते, आणि एकदां नाहीं म्हटलें तर तो कायमचा गेला, ही भीति सर्वांनाच असते. ती अगदींच निराधार आहे असेंही नाहीं. कांहीं यजमान जातात.

रकमेचा करार लेखी असावा, आणि समारंभ पुढें ढकलला गेला तर किती परत, किती जमा, हें त्यांत स्पष्ट असावें, एवढें २०२० नंतर बहुतेकांना पटलें आहे. कंपन्यांच्या समारंभांत पैसे थकतात, ती तक्रार जुनी आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयींच्या २००६ च्या कायद्याखालीं नोंदलेल्या लहान व्यावसायिकाचें देणें ४५ दिवसांच्या आंत चुकतें करण्याचें बंधन आहे. पण मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखविण्यापूर्वीं लहान माणूस दहा वेळां विचार करतो, हेंही तितकेंच खरें.

आषाढी एकादशी झाल्यावर, गणपतीच्या मांडवांचें काम लागेपर्यंत, थोडे आठवडे मिळतात. २०१८ च्या जुलैंत वसई-नालासोपाऱ्याचे रस्ते आणि रूळ पाण्याखालीं गेले होते, तेव्हांपासून तळमजल्यावर गोदाम असलेला कोणीही शहाणा माणूस कापड जमिनीवर ठेवीत नाहीं. म्हणून त्या आठवड्यांत उघडीप साधून कनाती उन्हांत घालावयाच्या, फाटलेल्या शिवावयाच्या, बांबू उंच मांडणीवर चढवावयाचे, हें काम निघतें. त्याला मुहूर्त नसतो आणि यजमानही नसतो. गोदामाचें दार दिवसभर उघडें असतें. शाळा सुटली कीं मुलें परस्पर तेथें येतात. आई डबा घेऊन मागून येते. सतरंज्यांच्या ढिगावर चढण्यास त्या दिवसांत कोणाला मनाई नसते.